व्यक्ती सापडली

रविवार, ४ फेब्रुवारी

पट्टी बसली आणि आकडा ५८ आला. दोन्ही गोष्टींना नर्सबाईंनी दुजोरा दिला. पट्टी नीट चिकटली आहे, आणि आकडा जास्त असला तरी आज त्याचं फार मनावर घेऊ नका, प्रवासात धडधाकट माणसाचेही सांधे बोंब मारतात, असं त्या म्हणाल्या.

तर मी पोचले. धाकटा स्टेशनवर घ्यायला आला होता. सहा वर्षांपूर्वी मला संधिवात सुरू झाला तेव्हापासून तो म्हणतोय की ताई, एकटी राहू नकोस, आणि मी दर वेळी ते हसण्यावारी नेत आले. या हिवाळ्यात मात्र बोटं इतकी आखडायला लागली की सकाळी दात घासायचा ब्रश दोन्ही हातांनी धरावा लागायचा. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासणाऱ्या बाईचे हात चालत नसतील तर नुसतं डोकं कामावर नेऊन काय करायचं? संपादकांनी एक एप्रिलपर्यंत रजा दिली. तोवर सूज आटोक्यात आली आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं की माझी खुर्ची मला, माझं घर मला. एकटीचं आहे, पण माझं आहे.

इथली खोली छान आहे. मागच्या बाजूची, तिसऱ्या मजल्यावरची. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. इथे धाकट्याच्या सासूबाई राहायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. पलंगाला कठडा आहे, न्हाणीघरात धरायला दांडी आहे, सगळं त्यांच्यासाठी केलेलं आणि मला आयतं मिळालेलं. धाकट्याचा स्वभावच तसा. चालू असलेली वस्तू तो बंद करत नाही आणि बंद पडलेली फेकत नाही. आमच्या शाळेच्या वेळचा टेबलपंखा अजून त्याच्याकडे आहे. तो फिरताना मान हलवून सारखा नाही म्हणतो.

पट्टीचंही तेच. नव्या नोंदणीला तीन महिने थांबावं लागतं म्हणे. घरात सासूबाईंची यंत्रणा होतीच, तीच पुन्हा सुरू केली. पट्टी म्हणजे नाण्याएवढी चकती, दंडावर चिकटवायची. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक टोकं असतात, ती कातडीखालच्या पाण्यातून शरीरातली सूज वाचतात. आकडा भावजयीच्या फोनवर येतो आणि तिथून डॉक्टरांकडे जातो. कपाटावर एक छोटा दिवाही आहे: आकडा वीसच्या खाली असला की हिरवा, पन्नासच्या वर गेला की लाल, मधे पिवळा.

पट्टी लागली, फोन टुणकन वाजला, आणि भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला संकोचच वाटला. नणंद राहायला आली म्हणून रडणाऱ्या भावजया पुष्कळ असतील, पण ही आनंदाने रडत होती. मी तसं बोलून दाखवलं तर डोळे पुसत म्हणाली, ताई, नणंद आली की भावजयीचा आकडा वाढतो, फक्त तो मोजायची पट्टी अजून निघायची आहे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आकडा ४४. भावजयीने चहाच्या कपाबरोबर सांगितला.

घर या आकड्यावर चालतं. दिवा पिवळा असेल तर मी खाली गल्लीत चक्कर मारायची, लाल असेल तर पलंग. आज पिवळा होता. गल्लीत औषधांचं दुकान, इस्त्रीवाला, किल्ल्या करून देणारा, आणि कोपऱ्यावर बसचा डेपो. औषधवाला गप्पिष्ट आहे. त्याच्याकडे पेनंही मिळतात, म्हणून मी दोन घेतली. हल्ली पेनाने कोण लिहितं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ज्यांची बोटं दुखतात ते, बाकीच्यांना काय त्याची किंमत. तो बराच वेळ हसला.

परत आल्यावर एक गोष्ट कळली. सासूबाई शेवटी शेवटी न सांगता घराबाहेर पडायच्या. एकदा डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. म्हणून धाकट्याने दाराला फोनवर चालणारं कुलूप बसवलं आणि ते दिव्याशी जोडलं. दिवा लाल असताना दार आतून उघडत नाही. मी विचारलं, मला कशाला ते? धाकटा म्हणाला, काढायचं तर मिस्त्री बोलवावा लागेल, भिंतीचा पोपडा निघेल, आणि तू काय या वयात पळून जाणार आहेस? आम्ही दोघंही हसलो. चाळिशी उलटल्यावर पळून जायचं तरी कोणाबरोबर.

सोमवार, १२ फेब्रुवारी

उजवा गुडघा सुजला. फोनने हे काल संध्याकाळीच सांगितलं होतं. आज भावजयीने गुडघा दाबून दुजोरा दिला.

मी थक्क झाले. गेली सहा वर्षं माझा आजार बोटं आणि मनगटं सोडून कुठे गेला नव्हता. गुडघा माझ्या यादीतच नव्हता. पण पट्टीला एक दिवस आधी कळलं. आमच्या धंद्यात असं झालं असतं तर, म्हणजे घटनेच्या आधी बातमी छापून आली असती तर, आम्ही कुठल्या कुठे गेलो असतो. धाकट्याला हे सांगितलं. तो म्हणाला, बघ, तुझ्या शरीराचं तुझ्याआधी तिला कळतं.

रोज दुपारी भावजय मला इंजेक्शन देते, त्याची मात्रा डॉक्टर फोनवरून ठरवतात. त्यांनी ती थोडी वाढवली. ते माझ्याशी अजून बोललेले नाहीत, भावजयीशी बोलतात. तिच्या ओळखीचे आहेत, सासूबाईंनाही तेच बघायचे, त्यांचाही उजवाच गुडघा धरला होता.

एक चांगली गोष्टही लिहायला हवी. बोटं बरी आहेत. आज बरणीचं झाकण एका झटक्यात उघडलं. मी ती बरणी घेऊन घरभर मिरवले.

रविवार, १८ फेब्रुवारी

आकडा ७१. नर्सबाई पट्टी बदलायला आल्या होत्या. त्यांनी नवी लावून पाहिली, तरी ७१ कायम.

आणि आज मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. सकाळी उठले तर अंग हलकं. गुडघाही विसरले. भावजयीबरोबर भाजी निवडत बसले. धाकटा लहानपणी शाळेच्या नाटकात झाड झाला होता आणि पडदा पडल्यावरही हलला नव्हता, ही गोष्ट मी तिला सांगितली. ती हसून लोटपोट झाली, मीही झाले. तेवढ्यात आत दिवा लाल झाला.

तिचं हसू तिथेच विरलं. मला दंडाला धरून तिने खोलीत आणलं. मी सांगत होते की मला काही होत नाहीये. ती म्हणाली, ताई, सूज अशीच असते, बरं वाटायला लावते आणि आतून पोखरते. दुपारचं इंजेक्शन वाढवून दिलं. ते घेतलं की हातपाय दुसऱ्याचे असल्यासारखे होतात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, काही सुचेना, रडूही आलं थोडं. संध्याकाळी धाकटा कौतुकाने आत आला. आकडा १६, दिवा हिरवा.

मी त्याला म्हटलं, आता मला बरं वाटत नाहीये. तो म्हणाला, ताई, आकडा बघ ना.

रविवार, २५ फेब्रुवारी

खातं माझं नाही. नर्सबाईंनी त्यांच्या मशीनवर पाहून सांगितलं.

त्या या भागात नव्या आहेत, घरोघरी खात्याच्या नंबरावरून जातात, नावं बघायला फुरसत नसते. आज पट्टी बदलताना गमतीने म्हणाल्या, मॅडम, तुम्ही एकाहत्तर वर्षांच्या अजिबात दिसत नाही, कुठली क्रीम लावता? मी म्हटलं, सेहेचाळीस. त्यांनी पुन्हा पाहिलं. नाव सासूबाईंचं, जन्मसाल सासूबाईंचं, डॉक्टरांच्या नोंदी सलग तीन वर्षांच्या. मधे काही महिने रिकामे, आणि मग चार फेब्रुवारीपासून मी.

भावजय दारात उभी होती.

नर्सबाईंनी मला खुर्चीत बसवून नीट समजावलं. पट्टी पहिल्यांदा लागते तेव्हा ती काही दिवस नुसती शिकते, की हे शरीर शांत असताना कसं असतं. त्या शांतपणाला ती मूळ पातळी धरते, आणि पुढे माणूस त्यापासून किती लांब गेला तेवढंच मोजते. या खात्याची मूळ पातळी सासूबाईंच्या शेवटच्या महिन्यांत नव्याने धरलेली आहे. तेव्हा त्या औषधाच्या गुंगीत पडून असायच्या. मी विचारलं, म्हणजे मी चालले, हसले, की तिला तो आजार वाटतो? नर्सबाई म्हणाल्या, तिला काही वाटत नाही मॅडम, ती फक्त मोजते. मग म्हणाल्या की हे चुकीचं आहे, वाढवलेलं इंजेक्शन तर फारच चुकीचं आहे, मी ऑफिसला सांगून हे खातं बंद करवते आणि तीन महिने न थांबता तुमचं नवं उघडते.

एवढं साधं आहे. मी आधीच विचारायला हवं होतं. एक एप्रिलला अजून महिना आहे. हिशेब सरळ आहे: हे खातं बंद, नवं खातं, खरा आकडा, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि गाडी.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

भावजयीने स्वतः सगळं सांगितलं. माझे केस विंचरत होती, मी आरशासमोर बसले होते.

आई गेली तेव्हा तिच्या दंडावरची पट्टी काढून तिने खणात ठेवली. फोनवरचं खातं मात्र मिटलं नाही. तिथे एक गोल फिरत राहिला आणि खाली शब्द: वापरणारी व्यक्ती शोधत आहे. सकाळी बघावं तर शोधत आहे, संध्याकाळी बघावं तर शोधत आहे. खाली बंद करण्याचं बटण होतं. तिला ते दाबवेना. मला म्हणाली, तुम्हीच सांगा ताई, कोणी तुमच्या आईला शोधत असेल तर तुम्ही त्याला नको शोधूस म्हणाल का? मग ती तो फोन कायम चार्ज करून ठेवायची, बॅटरी संपून शोध थांबू नये म्हणून. कित्येक महिने.

मी आले त्या दिवशी फोन वाजला. गोल थांबला आणि शब्द आले: व्यक्ती सापडली. ती त्यासाठी रडली होती.

मी म्हटलं, अगं, सापडले ती मी आहे. ती म्हणाली, हो ताई, मला काय कळत नाही का. आणि तिने माझा भांग मधोमध पाडला. मी नेहमी बाजूला पाडते. असाच छान दिसतो, म्हणाली.

संध्याकाळी धाकट्याला गाठलं. मला वाटलं होतं तो चिडेल, बायकोला बोलेल. तो पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिला. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. सासूबाई गेल्यावर ही महिनोन्‌महिने बोलत नव्हती, जेवत नव्हती, रात्रंदिवस त्या फिरणाऱ्या गोलासमोर बसायची, तू आलीस आणि घर परत घर झालं, असं तो म्हणाला. थोडे दिवस काढ ना ताई. तुझं काय जातंय, औषध तर तुलाही हवंच आहे.

त्याला लहानपणी ताप आला की मी उशाशी बसायची. तसाच आवाज काढला त्याने.

शनिवार, २ मार्च

खातं बंद होणार नाही. नर्सबाईंनी फोन करून कळवलं. त्यांचा आवाज उतरला होता.

ऑफिसचं म्हणणं असं की माणूस वारल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय खातं मिटत नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं की वाचन रोज येतंय, उत्तम येतंय, जिवंत बाईला वारली म्हणून कसं लिहून देऊ. मधली काही महिन्यांची फट? पट्टी सैल झाली असेल, म्हातारी माणसं काढून टाकतात. मग माझं नवं खातं तरी उघडा, असं नर्सबाईंनी सांगून पाहिलं. त्यावर उत्तर आलं की या शरीराची नोंद आधीच आहे.

मी स्वतः डॉक्टरांशी बोलायचं म्हटलं. भावजयीने फोन माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर ते होते, बहुतेक जेवत होते. त्यांनी विचारलं, काय आजी, कसं काय? मी माझं नाव सांगितलं, वय सांगितलं, नोकरी सांगितली, मी हिची आई नसून नणंद आहे हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग भावजयीला म्हणाले, आकडा किती? ती म्हणाली, ७९. ते म्हणाले, सूज वाढली की डोक्यात असा गोंधळ होतो, घाबरू नका, मात्रा वाढवतो.

मी बोलत होते म्हणून आकडा ७९ होता.

बुधवार, ६ मार्च

आज दाराबाहेर पडले होते.

सोपं नव्हतं. घरी जायचं तर दार उघडायला हवं, दार उघडायचं तर दिवा लाल नको, आणि दिवा लाल नको असेल तर निघायचं मनातही आणायचं नाही. सकाळभर छताकडे बघत पडून राहिले. काही आठवलं नाही, काही ठरवलं नाही. हिरवा. भावजय गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. मी हळू उठले, जशी पाण्यात उठते आहे. दारापर्यंत पोचेतो पिवळा. कडी उघडली. बाहेर.

जिन्याच्या पहिल्या वळणावर गुडघा वळलाच नाही. दुखला नाही. नुसता वळला नाही, जसा तो माझ्या सांगण्यात नव्हताच. कठडा धरून उभी राहिले. खालून औषधवाला येत होता, हातात आमच्या घरची पिशवी. माझ्याकडून पेनांचा विनोद ऐकून हसलेला तोच. मला इतकं बरं वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, अरे आजी, कुठे निघालात एकट्या, चला वर.

मी म्हटलं, मला ओळखलं नाही का. तो म्हणाला, ओळखलं म्हणजे काय, तीन वर्षं औषध पोचवतोय. आणि काखेत हात घालून मला वर घेऊन आला. फार सांभाळून आणलं. भावजयीने त्याला पाणी दिलं.

आकडा ८८. संध्याकाळी इंजेक्शन दोनदा.

शनिवार, ९ मार्च

पट्टी काढली.

न्हाणीघरात, नखाने. टोकं कातडीतून निघताना बारीक आवाज आला, कागद फाटल्यासारखा. थोडं रक्त. पाण्याच्या वाटीत टाकली आणि खोलीत येऊन पलंगावर बसले. वाटलं, आता दिवा विझेल, फोनवर तो गोल फिरायला लागेल.

दिवा हिरवा होता.

उभी राहिले. पिवळा. खिडकीपर्यंत चालत गेले, मैदानातल्या मुलींना हाक मारायला तोंड उघडलं. लाल. बसले. पिवळा. आडवी झाले, डोळे मिटले, थांबले, उघडले. हिरवा.

पट्टी न्हाणीघरात, वाटीत, पाण्यात.

भावजयीला वाटी दाखवली. तिला काही नवल वाटलं नाही. वाटी घासून जागेवर ठेवली. म्हणाली, बरं झालं, तुम्हाला त्या चिकटपट्टीने खाज यायची.

रविवार, १० मार्च

नर्सबाई दारातूनच गेल्या. ऑफिसने सांगितलंय की या घरी आता यायची गरज नाही, वाचन पट्टीशिवाय येतंय. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, मला तुमच्याबरोबर न्या. त्यांनी माझा हात धरला. मागे दिवा लाल झाला, भावजयीचा फोन वाजायला लागला, आणि पडद्यावरून डॉक्टर नर्सबाईंना विचारत होते की पेशंटला कोण त्रास देतंय.

त्यांनी हात सोडला. पोटासाठी नोकरी करणारी बाई. माझा राग नाही.

मंगळवार, १२ मार्च

कचेरीतून संपादकांचा फोन धाकट्याला आला होता. मी पलंगावरून ऐकत होते. एक एप्रिलचं काही खरं नाही, असं तो सांगत होता. मग ऐकत राहिला, मग म्हणाला, हो, हो, कळवतो तिला. आत येऊन सांगितलं की साहेब म्हणाले, सावकाश येऊ दे, तिच्या जागी तात्पुरतं कोणीतरी बघतोय.

मी म्हटलं, तू त्यांना खरं का सांगितलं नाहीस? धाकटा म्हणाला, खरंच सांगितलं ताई, तुझा आकडा सांगितला.

बोटं उत्तम आहेत. आयुष्यात इतकं सरळ लिहिलं नव्हतं. बाकी काहीच —

गुरुवार, १४ मार्च

सकाळी भावजयीने दुसऱ्या खोलीतून हाक मारली, आई, दूध गार होतंय.

मी ओ दिली.

शुक्रवार, १५ मार्च

नाव लिहून बघितलं. माझं. आलं. मग वडिलांचं. आलं. कचेरीतल्या खुर्चीला एक हात नव्हता, डावा — की उजवा. डेपोत रिकामी बस, खिडकीशी बसलेली, काच गार, कोणी येऊ नये एवढंच वाटत होतं. ही आठवण

ही माझी नाही. मी त्या बसमध्ये कधी बसले नाही.

शनिवार, १६ मार्च

आकडा ९. सगळे खूश आहेत. धाकट्याने कपाळावर हात ठेवला. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की हिरवा म्हणजे मी बरी नाही, हिरवा म्हणजे मी नाही. लाल असते तेव्हा असते. शब्द तोंडात आले तोवर तो पंखा लावून निघून गेला होता.

आता समजलं आहे. मला लाल व्हायला हवं. इतके दिवस उलटं करत होते, दाराच्या नादाने निपचित पडत होते. लाल व्हायचं. चालायचं, भांडायचं, भाजी उधळायची, धाकट्याचं झाड सांगायचं सगळ्यांना. जोवर लाल आहे तोवर —

उठले. ९.

ओरडले, म्हणजे तोंड उघडलं. ८.

रविवार, १७ मार्च

उद्या दुपारपर्यंत आकडा शून्यावर येईल. फोनने सकाळी सांगितलं, डॉक्टरांनी दुजोरा दिला.

शून्य म्हणजे सूज अजिबात नाही, पूर्ण बरं, असं भावजय म्हणते. धुतलेली चादर घातली. मी विचारलं, आईंचा शेवटी किती होता. ती उशीचा अभ्रा चढवत होती. म्हणाली, शून्य, किती शांत झोपली होती.

मी धाकट्याला हाक मारली. आला. मी म्हटलं, मला भीती वाटते. त्याने फोनकडे बघितलं. ५. म्हणाला, नाही वाटत ताई.

वाटते. हात थरथरतोय, छाती धडधडते, हे एवढं लिहिताना दात वाजतायत, आणि दिवा हिरवा. ४. आता काहीही केलं तरी वर जात नाही.

धाकट्याने उद्याची रजा टाकली आहे. डॉक्टर दुपारी फोनवर असतील. भावजय मला न्हाऊ घालणार, केस विंचरणार, मधोमध भांग. मग सगळे पलंगाभोवती बसून आकडा बघणार. तीन, दोन, एक. शून्य झाला की टाळ्या वाजवायच्या असं धाकटा म्हणतो, आणि त्यानंतर मी